फांदी फोकसमध्ये, पक्षी धूसर

छोट्या पक्ष्यांचे फोटो काढायला ४०० एमएमची लेन्स कमी पडते, मोठी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आधी झाड निवडा. टिकेलचा फुलटोच्या हा पक्षी जेमतेम ८ सेंटीमीटरचा, पानाआड गेला की संपलंच. त्याच्यामागे पुण्याच्या वेताळ टेकडीवर मी कितीतरी सकाळी धावलो. घरी येऊन बघावं तर फोकस काटकीवर.

मग आंब्यावरचं फळलेलं बांडगूळ हेरलं आणि खाली बसून राहिलो. तो पुन्हापुन्हा तिथंच येतो. फळ गिळतो, चिकट बी फांदीवर घासून काढतो (बांडगूळ पसरतं ते असंच!) आणि तेवढा क्षणभर थांबतो. तोच आपला क्षण. सिंगल पॉइंट फोकस (एकाच बिंदूवरचा फोकस) आधीच त्या फांदीवर लावून ठेवा, शटर १/२००० सेकंदावर, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

एक कळकळीची विनंती. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. सिंहगडाच्या पायथ्याशी एका नाचण पक्ष्याला असा सैरभैर झालेला पाहिलाय. खाणं सोडून बिचारा नसलेला प्रतिस्पर्धी शोधत होता. घरट्याजवळ तर कॅमेरा काढूच नका.