मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातला 'इमर्जन्सी' नियम १८० दिवसांनी आपोआप संपतो का?

सावलीतली_मनी | १० फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी. इथे कॉम्प्लायन्स आणि कायद्यातले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

माझ्या दिरांचं कॅलिफोर्नियात किचनचे काउंटरटॉप कापून द्यायचं छोटं वर्कशॉप आहे. सहा कारागीर. मी ऑफिस बघते: पगार, बिलं, इन्शुरन्स. २९ डिसेंबरपासून सिलिकाच्या (दगड कापताना उडते त्या) धुळीबद्दल राज्याचा इमर्जन्सी नियम लागू झालाय. आम्हाला तो कळला जानेवारीत, तोही शेजारच्या दुकानातल्या माणसाकडून. कोरडं कापायचं नाही, पाणी हवंच. झाडू नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवणं नाही. शिवाय माणशी तोंडभर मास्क, तोही मोटरने गाळलेली हवा देणारा. खर्चाचा आकडा ऐकून भाऊजी दोन दिवस गप्प होते.

आता एक सल्लागार (फी घेऊन आला होता, बरं का) सांगून गेला, "इमर्जन्सी रूल आहे, १८० दिवसांनी मरतो. जूनच्या शेवटापर्यंत ढकला, मशीन घेऊ नका." भाऊजींना ते पटलंय. मला नाही, पण का नाही ते सांगता येत नाहीये.

मला कळत नाही ते असं. लोकांना न विचारता असा नियम होतोच कसा? जूनमध्ये तो खरंच संपेल का? आणि हरकत घ्यायची वेळ गेली असेल तर आता काही करता येतं का?

---

कट्ट्यावरचा_काका

हे सगळं सुप्रीम कोर्टाने उडवलं ना मागे? नोकरीवर लशीची सक्ती वगैरे. तुम्ही वाट बघा.

---

फायलींचा_ढीग

काका, ते वेगळं प्रकरण. जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने स्थगिती दिली ती केंद्राच्या ओशाच्या (कामगार-सुरक्षा खातं) नियमाला, शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठीच्या. इथे राज्याचा नियम आहे, राज्याच्या कायद्याखाली. दोन्हींची गल्लत करू नका, नाहीतर मनीताईंच्या दिरांना नोटीस यायची.

ताई, मी एका राज्याच्या खात्यात (कॅलिफोर्नियात नाही) नियम लिहिण्याच्या विभागात बरीच वर्षं काढली आहेत. जरा सविस्तर लिहितो.

'न विचारता' हे अर्धं खरं. एरवी कॅलिफोर्नियात नियम करायचा तर मसुदा जाहीर करून निदान ४५ दिवस लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. इमर्जन्सीत ते आधी होत नाही. खातं ज्यांनी आधी नाव नोंदवलंय त्यांना किमान पाच कामाचे दिवस आधी सूचना पाठवतं, मग नियम ऑफिस ऑफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ, म्हणजे खात्यांचे नियम तपासणाऱ्या ओएएलकडे जातो. त्यांनी फाइल वेबसाइटवर टाकली की पाच दिवसांत कुणीही लेखी मत देऊ शकतं, आणि ओएएलला दहा दिवसांत पास किंवा नापास करावं लागतं. सुट्ट्यांसकट दहा दिवस. तुम्हाला सूचना आली नाही कारण यादीत नाव नव्हतं. आजच नोंदवा, फुकट आहे.

आता खरी गंमत. खात्याला 'फाइंडिंग ऑफ इमर्जन्सी' नावाचा कागद जोडावा लागतो. लोकांच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला गंभीर धोका आहे आणि थांबून चालणार नाही, हे त्यात ठोस तथ्यांनिशी दाखवायचं असतं. सोय, घाई, 'लोकहिताचं आहे' एवढ्यावर भागत नाही. आणि ही परिस्थिती आधीपासून माहीत होती, नेहमीच्या वाटेने नियम करायला वेळ होता, तर का केला नाही, त्याचंही उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडे असल्या कागदाचे मी सहा-सहा खर्डे पाडलेत. वरिष्ठ एकच वाक्य लाल पेनने खोडायचे: 'तातडीची गरज आहे.' म्हणायचे, गरज सांगू नका, माणसं दाखवा.

सिलिकात माणसं होती. डॉक्टरांच्या एका संघटनेने अर्ज केला होता. जुलै २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ५२ काउंटरटॉप कामगारांच्या सिलिकोसिसवरचा (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) अभ्यास छापून आला. त्यातले दहा जण गेलेले. त्याच महिन्यात स्टँडर्ड्स बोर्डाने (राज्यात कामगार-सुरक्षेचे नियम हेच करतं) अर्ज मान्य केला, १४ डिसेंबरला मतदान, २९ला नियम लागू. जुलै ते डिसेंबर म्हणजे 'इमर्जन्सी' शब्दाच्या मानाने निवांतच, पण सरकारी चालीत ही धावपळ समजा.

१८० दिवसांचं. सल्लागाराने पहिलं पान वाचलं आणि मिटलं. १८० दिवस हा खात्याला दिलेला अवधी आहे. तेवढ्यात नेहमीची प्रक्रिया करून नियम कायमचा करायचा. नाही जमलं तर काम मनापासून चालू असल्याचं दाखवून ९० दिवसांसाठी पुन्हा लागू करता येतो, असं दोनदा. १८० अधिक ९० अधिक ९०. मोजा, जवळपास वर्ष होतं. (प्रत्येक राज्याचं गणित निराळं. टेक्सासात १२० दिवस आणि एकदाच ६० वाढ. वॉशिंग्टनमध्येही १२०, पण तिथे नियम झाल्यापासून सात दिवसांच्या आत, तो रद्द करा म्हणून थेट गव्हर्नरकडे अर्ज करता येतो.)

तुमचा तिसरा प्रश्न: पाच दिवसांची खिडकी गेली. कोर्टात जाता येतं, मांडलेली तथ्यं इमर्जन्सी ठरत नाहीत असं म्हणून. पण ५२ आजारी माणसांसमोर हे म्हणायला कुठला वकील उभा राहील? त्यापेक्षा कायमच्या नियमाचा मसुदा येईल तेव्हाचे ४५ दिवस सोडू नका. 'सहा माणसांच्या दुकानाला हे परवडायला मुदत हवी' असं आकड्यांनिशी लिहिलेलं खातं वाचतं. उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

---

पांढरा_कोट

वरच्या प्रतिसादाला +१. मी कामगारांच्या आरोग्य तपासण्या करते. ताई, तुमचे लोक कुठला दगड कापतात? कृत्रिम असेल तर त्यात ९० टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या निम्मीसुद्धा नसते. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलैपासून हा दगडच बंद करायचं ठरवलंय.

आणि बेसिनचं भोक गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ग्राइंडरने कोरडं पाडतात का? ते आधी थांबवा. कोरडं काम दिसलं तर इन्स्पेक्टर तिथल्या तिथे काम बंद पाडू शकतो.

---

सावलीतली_मनी

फायलींचा_ढीग, काय आभार मानू. तुमचा प्रतिसाद भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवला.

पांढरा_कोट, हो, बहुतेक कृत्रिमच. आणि हो, भोकं कोरडीच पाडायचे. तुमचं वाचून काल वर्कशॉपमध्ये मुद्दाम जाऊन उभी राहिले. आमचा सगळ्यात जुना कारागीर जेवायला बसला तेव्हा भुवया, मिशी, पापण्या, सगळं टाल्कम पावडर लावल्यासारखं पांढरं. त्याने टोपी मांडीवर आपटली आणि उन्हाच्या पट्ट्यात ती धूळ किती तरी वेळ तरंगत राहिली. हे मी पाच वर्षं रोज बघतेय. माझ्या कीबोर्डवरही तीच असते, मी ओल्या फडक्याने पुसते आणि कामाला लागते.

भाऊजींना टोपीचं सांगितलं. पाण्याची करवत बुक झाली. मास्कसाठी मिशी-दाढी काढावी लागणार म्हणून मात्र दुकानात बंड आहे.

---

सावलीतली_मनी | १६ फेब्रुवारी २०२५

धागा वर काढतेय, कुणाला उपयोग होईल म्हणून. नियम जूनमध्ये मेला नाही. डिसेंबरमध्ये बोर्डाने तो कायमचा केला, ३ फेब्रुवारीपासून लागू. गेल्या वर्षभरात सगळ्यांचे एक्स-रे झाले. पाच जणांचे ठीक आहेत. टोपीवाल्या मामांना पुढच्या तपासणीला पाठवलंय, रिपोर्ट यायचाय.

परवा त्याच सल्लागाराचा फोन आला होता. "पर्मनंट रूलसाठी आमचं नवीन पॅकेज आहे." भाऊजींनीच उचलला. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.