मदत हवी आहे: डॉक्टरांच्या माहितीतले 'क्लिनिकल इंटरेस्ट' आणि 'रिसर्च इंटरेस्ट' कसे वाचायचे?

सांजवेळ
नमस्कार. ६८ वर्षांच्या रुग्णासाठी विचारते आहे. एचआरसीटीत (छातीच्या बारीक स्लाइसच्या सीटी स्कॅनमध्ये) फुफ्फुसाचं फायब्रोसिस (व्रण पडून घट्ट होणं) दिसतंय, रिपोर्टमध्ये 'प्रॉबेबल यूआयपी' (यूआयपी म्हणजे फायब्रोसिसचा एक ठरावीक नमुना) लिहिलंय. दुसरं मत घ्यायला एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलमध्ये जायचं आहे. तिथल्या छातीरोग विभागाच्या पानावर १४ डॉक्टर आहेत आणि प्रत्येकाच्या नावाखाली दोन रकाने. एका सरांच्या रिसर्चमध्ये 'पल्मनरी फायब्रोसिस' आणि ढीगभर शोधनिबंध, पण क्लिनिकलमध्ये फक्त 'क्रिटिकल केअर'. एका मॅडमच्या क्लिनिकलमध्ये 'आयएलडी' (फुफ्फुसाच्या ऊतींच्या आजारांचा गट, फायब्रोसिस त्यातच येतं) आहे, रिसर्चचा रकाना जवळपास रिकामा. अपॉइंटमेंट कुणाची घ्यावी? ट्रायलमध्ये (नव्या औषधाच्या चाचणीत) जायचं असेल तर वेगळ्या कुणाकडे जावं लागतं का?

कोरा_कागद
अपॉइंटमेंट मॅडमची घ्या. क्लिनिकलचा रकाना म्हणजे ओपीडीत रोज कोणते रुग्ण बघतात ते, आणि रिसर्चचा म्हणजे कोणत्या प्रश्नामागे लागले आहेत ते. आजाराचं नाव एकच असलं तरी ही दोन कामं वेगळी. प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरांचा बहुतेक वेळ, कित्येकदा ७५-८० टक्के, संशोधनासाठी राखलेला असतो. उरलेल्या वेळात आठवड्याला अर्धा दिवस ओपीडी, नाहीतर वर्षातले काही आठवडे आयसीयू. तुमच्या सरांचं 'क्रिटिकल केअर' बहुधा त्यातलंच आहे.

खात्री करायची तर पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) त्यांच्या अलीकडच्या पाच-सहा निबंधांचे गोषवारे उघडा. 'ब्लिओमायसिन' आणि 'उंदीर' हे शब्द जोडीने दिसले, तर ते प्रयोगशाळेतलं काम समजा. ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचं औषध, पण त्यानं उंदरांच्या फुफ्फुसात फायब्रोसिस तयार करता येतं, म्हणून नवीन औषधांची पहिली चाचणी त्याच उंदरांवर होते. 'एमयूसी५बी' दिसलं तर काम जनुकांवरचं आहे. या जनुकातल्या एका बदलाचा आयपीएफशी (कारण न सापडलेल्या फुफ्फुसाच्या फायब्रोसिसशी) संबंध २०११ साली समोर आला. 'एफव्हीसी' (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकलेली हवा), 'कोहॉर्ट' (काही काळ पाहिलेला रुग्णांचा गट), 'रँडमाइज्ड' (चिठ्ठी टाकल्यासारखे पाडलेले गट), 'ॲक्यूट एक्झॅसर्बेशन' (आजार अचानक बळावणं) असे शब्द असतील तर संशोधन थेट रुग्णांवरचं.

लेखकांचा क्रमही बघा. वैद्यकीय निबंधात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं त्या गटाच्या प्रमुखाचं. मधल्या १५ नावांत कुणी असेल तर त्यांनी फक्त रुग्णांची माहिती पुरवली असंही असू शकतं. निबंधाच्या शेवटी कुणी काय केलं याचा परिच्छेद दिलेला असेल तर तो जरूर वाचा.

उंबरठा
पबमेडवर शोधताना दोन ठिकाणी हमखास चूक होते.

आडनाव आणि आद्याक्षरं टाकली की त्याच नावाचे दहा जण एकत्र येतात, आणि भलत्याच डॉक्टरांचे निबंध यांच्या खात्यावर जमा होतात. ऑर्किडचा (प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख) १६ अंकी क्रमांक मिळाला तर त्यावरून शोधा.

तो नसेल तर लोक नावाला संस्थेचं नाव जोडतात. पण २०१४ च्या आधी पबमेड फक्त पहिल्या लेखकाची संस्था नोंदवत असे. म्हणजे ज्येष्ठ डॉक्टरांचं नाव शेवटी असलेले जुने निबंध या शोधात येतच नाहीत, आणि २५ वर्षांचा अनुभव असलेला माणूस कोरा दिसतो. म्हणून नावाला संस्थेऐवजी आजाराचं नाव जोडा.

एच-इंडेक्स (निबंध किती आणि त्यांचे दाखले किती जणांनी दिले यावरचा आकडा) बघून डॉक्टर निवडू नका. २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो मांडला, तो संशोधकांसाठी. यूआयपी आणि जुनाट हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (पक्षी, बुरशी असं काही श्वासातून जाऊन होणारा ॲलर्जीसारखा फुफ्फुसाचा आजार) यांतला फरक कुणाला चांगला कळतो, हे तो सांगत नाही, आणि तुमच्या रुग्णाला नेमकं तेच हवं आहे.

सांजवेळ
खूप आभार, आता चित्र स्पष्ट होतंय. मग मॅडम खरंच आयएलडीच बघतात, की नुसतं यादीत लिहिलंय, हे कसं कळणार?

कोरा_कागद
यादीत आठ-दहा आजार असतील तर सावध राहा. दमा, सीओपीडी, क्षय, घोरणं आणि आयएलडी असं सगळं असेल तर तो सर्वसाधारण छातीरोग झाला. विभागात फोन करून तीन गोष्टी विचारा. आयएलडीची वेगळी ओपीडी कोणत्या दिवशी असते? एमडीडी, म्हणजे छातीरोग, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी आणि शक्य तर संधिवाताचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात ती बैठक, किती दिवसांनी होते? आणि मॅडम त्या बैठकीत असतात का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर रिकाम्या रकान्याची चिंता सोडा.

इतका आग्रह का, तर निदान बदललं की औषध उलटं होतं. आयपीएफला पूर्वी प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन एकत्र देत. ही तिन्ही एकत्र दिल्याने मृत्यू आणि हॉस्पिटलात भरती होणं वाढतं, हे २०१२ साली पँथर ट्रायलमध्ये दिसलं. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये मात्र स्टेरॉइड आजही वापरतात.

उंबरठा
ट्रायलबद्दल. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीटीआरपी नोंदणीत आजाराचं नाव टाका, 'रिक्रूटिंग' निवडा आणि मग केंद्रांच्या यादीत तुमचं हॉस्पिटल शोधा. शेवटचा बदल कधीचा आहे तेही बघा. नोंद वर्षभर हललेली नसेल तर भरती बंद झालेली असू शकते. 'अननोन' लिहिलं असेल तर ठरलेली मुदत उलटली आहे आणि दोन वर्षांत कुणी स्थिती तपासलेली नाही.

ट्रायलचे प्रमुख वेगळे डॉक्टर असले तरी आधी मॅडमकडेच जा. ट्रायलला पक्कं निदान लागतं, शिवाय एफव्हीसी आणि डीएलसीओच्या (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो याच्या मापाच्या) किमान मर्यादा असतात. त्या ओलांडून आजार पुढे गेला की दार बंद होतं, म्हणून ट्रायलचं पहिल्याच भेटीत विचारा. प्लॅसिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) मिळू शकतो हे रुग्णाला आधीच सांगून ठेवा, आणि निन्टेडॅनिब किंवा पिरफेनिडोन (फायब्रोसिसची गती कमी करणारी औषधं) चालू ठेवता येईल का हेही विचारा.

सांजवेळ
आणि सोबत काय न्यायचं?

कोरा_कागद
सीटीची सीडी, डायकॉम फाइल्ससह (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा). फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही, कारण खालच्या भागातलं बारीक हनीकोंबिंग (मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या) त्यात पुसलं जातं. स्लाइस १.५ मिलिमीटर किंवा कमी हवी. ५ मिलिमीटरची असेल तर एचआरसीटी पुन्हा करायला सांगतील. श्वास सोडून काढलेल्या प्रतिमा आहेत का तेही बघा. हवा अडकून राहते का हे त्यातच दिसतं, आणि हायपरसेन्सिटिव्हिटीची शंका त्यावरून येते.

जुने सगळे पीएफटी (श्वासक्षमतेच्या तपासण्या) तारखेनुसार लावा आणि एफव्हीसी लिटरमध्ये लिहून न्या. टक्के प्रत्येक लॅबच्या सूत्राप्रमाणे बदलतात, त्यामुळे दोन ठिकाणचे टक्के शेजारी ठेवले की नसलेली घसरण दिसते. डीएलसीओच्या सुमाराचं हिमोग्लोबिनही जोडा, कारण ॲनिमियात डीएलसीओ कमी येतो.

एएनए, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (संधिवातासारख्या आजारांच्या रक्ततपासण्या) झालं असेल तर ते रिपोर्ट. औषधांच्या यादीत अमिओडॅरोन, नायट्रोफ्युरँटॉइन, मेथोट्रेक्सेट (फुफ्फुसाला इजा करू शकणारी औषधं) आजवर कधीही घेतलं असेल तर तारखेसह. आणि घरात कबुतरं, पाळलेले पक्षी, पिसांच्या उशा, ओलसर भिंतीवरची बुरशी, कामाच्या ठिकाणची धूळ, हे सगळं रुग्णाला शांतपणे विचारून आधीच लिहून काढा. ओपीडीत हे प्रश्न येतातच, आणि घाईत बहुतेक जण 'नाही' म्हणून मोकळे होतात.