'प्रायव्हसी'ला गोपनीयता म्हणायचं की खासगीपणा?

कुळागर: गोव्यात फोंड्याजवळच्या एका देवस्थानाच्या महाजनांचा, म्हणजे परंपरागत सदस्यांचा, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याची सूचना मराठीत करायची आहे. 'सदस्यांची गोपनीयता राखली जाईल' यावर समिती म्हणते, देवस्थानात लपवण्यासारखं काय आहे? दुसरा शब्द?

मांडवीकाठ: समितीचं बरोबर आहे. गोपनीयतेची शपथ मंत्री घेतात, ती सरकारी गोष्टींची. ग्रुपचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही, ही गोपनीयता. ते काम एन्क्रिप्शनचं. पण साध्या ग्रुपात घातलं की नंबर सगळ्या सदस्यांना दिसतो, तिथे एन्क्रिप्शनचा उपयोग शून्य. हा प्रश्न खासगीपणाचा. सूचनेत कृतीच लिहा: सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स, 'माय कॉन्टॅक्ट्स'. मग अनोळखी ॲडमिनला आमंत्रण पाठवावं लागतं, ते तीन दिवसांत बाद होतं.

तिसवाडी: खासगीपणा कानाला खडबडीत, शिवाय फारसी. गोपनीय 'गुप्' धातूवरून, अर्थ राखणे. गाई राखतो तो गोप, धातू तोच.

मांडवीकाठ: गोप म्हणजे गो अधिक प, गाई पाळणारा. 'गुप्'च मागाहून त्यावरून निघाला असं मानतात. अरबी-फारसी नको तर सूचनेतली तारीख आणि सहीही खोडा.

सोपो: 'खासगी'त मुळात मालमत्ता आहे. होळकरांकडे दौलत वेगळी, खासगी वेगळी; खासगीचं उत्पन्न राण्यांच्या हाती. माणसाच्या एकटं राहण्याला आपल्याकडे शब्दच नाही. 'आडपडदा न ठेवता' बोलणं हा गुण, 'मोकळा माणूस' ही स्तुती. इथलं बाल्कांव, म्हणजे घरापुढचा ओटा, रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही बाजूंना 'सोपे', म्हणजे बसायची बाकं. तिथे बसलेला जाणाऱ्याला 'खंय वता?' विचारतो, ती चौकशी नव्हे, रामराम. म्हणून लास्ट सीन लपवणारा तुसडा ठरतो.

तिसवाडी: ब्लू टिक तरी बंद करा!

मांडवीकाठ: ग्रुपात ती बंद होतच नाही. एकेकट्या चॅटमध्ये बंद केलीत तर समोरच्याचीही तुम्हाला दिसणार नाही.

कुळागर: पण सूचनेत काय लिहू?

तिसवाडी: २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी प्रायव्हसीचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये धरला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द चालले. खासगीच हवं तर निदान 'खाजगी' लिहा, लोक तसंच बोलतात.

सोपो: 'खास'मध्ये 'ज' कुठून आला?

तिसवाडी: जिभेवरून.

सोपो: देवस्थानाच्या ग्रुपात 'खाजगी' वाचून निम्मे महाजन जत्रेच्या खाज्यांची चौकशी करतील.