प्रति: पोरं अंबाझरीला फक्त रील काढायला येतात

भाऊ, वर तुम्ही लिहिलं की कॉलेजच्या पोरांना नागपूरच्या अंबाझरी जैवविविधता उद्यानाचं काही पडलेलं नाही, अर्धंच पटलं. आमच्या कॉलेजच्या एनएसएसनं (राष्ट्रीय सेवा योजना) एकदा सफाई ठेवली होती, बॅनर, फोटो, भाषण, आणि शेवटी समोशाच्या प्लेटा आमच्याच पोरांनी झुडपात टाकल्या, म्हणजे कचरा उचलायला गेलो अन् ठेवून आलो! पण चूक पोरांची नव्हती ना राजेहो, एका दिवसात कोणाचा जीव जडतो जागेवर?

एनएसएसचे वर्षाला १२० तास असतातच, ते एकाच तुकड्यावर घालवू द्या की. वनविभागाला विचारून एक पायवाट घ्या, दर पंधरा दिवसांनी तीच पोरं तिथंच. पावसात माती भुसभुशीत असते तेव्हा रायमुनिया (घाणेरी, जंगलात माजणारं परदेशी काटेरी झुडूप) काढायचा, नुसता वरून कापला तर परत फुटतो, जमिनीखाली मुळाशी तोडावा लागतो आणि फळं धरायच्या आत, नाहीतर बुलबुल बिया पसरवतात. हात सोलून निघतात, ग्लोव्ह्ज पाहिजेतच.

आणि फेब्रुवारीत चार दिवस कॅम्पस बर्ड काउंट म्हणजे कॉलेजच्या आवारातली पक्षीगणना असते, पंधरा मिनिटं पक्षी मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर टाकायचे, एवढंच. मोबाईल तसाही हातातच असतो. आमच्यातला एक रीलवाला पहिल्याच दिवशी वेडा राघू या हिरव्या पक्ष्यावर अडकला, तारेवरून झेप घेऊन माशी पकडून परत त्याच जागी, अर्धा तास हलला नाही पठ्ठ्या. आता सकाळी सहाला तोच सगळ्यांना फोन करून उठवते.