मदत हवी आहे: मॅकनॉटनच्या टिपणावर किती विसंबायचं?

मंडळी, जॅक द रिपर (१८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून करणारा, कधीच न सापडलेला खुनी) याच्या नादात झोप उडालीय, जरा मदत करा. लंडनचा पोलीस अधिकारी मेल्विल मॅकनॉटनच्या १८९४ च्या टिपणात तीन संशयित आहेत: ड्रुइट, कोझमिन्स्की, ऑस्ट्रॉग. पण हे साहेब पोलिसात आले १८८९ मध्ये, व्हाइटचॅपलचे खून १८८८ चे! ड्रुइटला ते डॉक्टर म्हणतात. त्याचं थेम्स नदीत प्रेत सापडलं, ओव्हरकोटाच्या खिशांत दगड, तो निघाला बॅरिस्टर आणि शाळामास्तर. ऑस्ट्रॉग तर तेव्हा फ्रान्सच्या तुरुंगात होता. असला कागद पुरावा म्हणून धरायचा कसा? की फक्त कोझमिन्स्कीपुरता धरायचा, कारण रिपरच्या तपासातला चीफ इन्स्पेक्टर स्वॉन्सन यानेही आपल्या साहेबाच्या, अँडरसनच्या, आठवणींच्या पुस्तकाच्या समासात त्याचंच नाव लिहिलंय? (रिपरच्या एका बळीची म्हणून सांगतात त्या शालीवरच्या डीएनएचं नका सांगू, ते पटत नाही.) तुम्ही कोणत्या मूळ कागदांपासून सुरुवात केलीत?