चुकतोय तर खरं, पण सांगायचं कसं? वॉरगेम खेळणाऱ्यांनो, अनुभव लिहा

वॉरगेमच्या मेजावर बहुतेक वेळा पंच नसतो. दोन खेळाडू, त्यांची सैन्यं (छोटे पुतळे किंवा पुठ्ठ्याचे तुकडे), मोजायची टेप, मूठभर फासे आणि जाडजूड नियमपुस्तक, एवढाच काय तो संसार. नियम पाळले जातायत की नाही हे बघायचं त्याच दोघांनी, आणि जिंकायचंही त्याच दोघांना. शिवाय बुद्धिबळात हत्ती तिरका गेला तर पटावर लगेच दिसतं. इथली चूक एखाद्या विसरलेल्या वजाबाकीत दडलेली असते, आणि ती लक्षात येईपर्यंत त्या चुकीच्या फाशांवर आणखी चार गोष्टी घडून गेलेल्या असतात.

समोरच्याची चूक तुम्ही कधी दाखवलीत, कधी गिळलीत, त्याने ती कशी घेतली, ते लिहा. खेळ कोणता होता आणि तुम्ही नेमके कधी बोललात, तेही. माझा आग्रह एकच: चूक कोणाच्या फायद्याची होती हे वगळू नका. खरी गोम तिथेच असते.

चाळीस हजारवाला

वॉरहॅमर ४०,००० या छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे जुना खेळाडू. नवख्याला नियम येत नाहीत हे त्यालाही ठाऊक असतं. जुन्याला ते पाठ असतात, फक्त मागच्या आवृत्तीचे.

आमच्यातले एक काका मोठ्या खंडानंतर परत खेळायला बसले. जुन्या नियमांत शस्त्राने चिलखत भेदलं की बचावाचा फासाच टाकायचा नाही, सैनिक सरळ उचलायचा. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ते बदललं. आता भेदक शस्त्रामुळे बचावाच्या फाशातून ठरावीक आकडा वजा होतो, पण फासा टाकायचा असतो. मी गोळीबार केला आणि काका आपली माणसं भराभर उचलायला लागले. चूक पूर्ण माझ्या फायद्याची. म्हटलं, "काका, फासे टाका की." ते म्हणाले, "कशाला? भेदलं ना चिलखत?" पान उघडून दाखवलं. मेलेले परत ठेवा म्हटलं, तर तयार होईनात. "गेले ते गेले, इथून पुढे टाकतो."

हे सोपं होतं. खरा पेच नंतर आला. त्यांनी एक वेगवान गाडी माझ्या रणगाड्याच्या पाठीमागे न्यायला सुरुवात केली. पूर्वी रणगाड्याचं चिलखत समोर, बाजूला आणि मागे वेगवेगळं असायचं, मागे बहुधा सगळ्यात पातळ. तेही २०१७ लाच गेलं. आता कुठूनही मारा, सारखंच. म्हणजे काका नियम मोडत नव्हते. गाडी हलवायचा त्यांना हक्कच होता. फक्त अख्खा बेत रद्द झालेल्या नियमावर उभा होता, आणि त्या वळशात त्यांच्या दोन पाळ्या जाणार होत्या.

मी सांगितलं. गाडी जागची हलताच म्हटलं, "मागून मारलंत तरी तेवढंच लागेल हं." काका हसले, गाडी परत ठेवली आणि त्याच पाळीत माझ्या तोफा उडवल्या. शेजारी बसलेला मित्र मला म्हणाला, ही चूक दाखवणं नाही, हा सल्ला झाला. मला पटत नाही. नियम बदलला हे ठाऊक असणं म्हणजे डावपेच नव्हे. त्या अज्ञानावर जिंकून मी काय केलं असतं?

हेक्सवाला

आम्ही षटकोनी घरांच्या नकाशावर पुठ्ठ्याची काउंटरं सरकवणारी माणसं. ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर हा १९८५ चा खेळ, नियमपुस्तक रिंग लावलेल्या फायलीत, म्हणजे नवी पानं येतील तशी घालायची. त्यात या प्रश्नाला सरळ नियमच आहे: खेळ पुढे सरकला की झालेली चूक कायम. नंतर कळली तरी मागे जायचं नाही.

पहिल्यांदा ऐकलं की निर्दय वाटतं. प्रत्यक्षात त्यामुळे माणसं वेळेवर बोलायला शिकतात. समोरच्याने माझ्या माणसांवर धुरातून गोळीबार जाहीर केला आणि ताज्या धुराचे +३ धरायला विसरला (फाशांची बेरीज जितकी कमी, तितका मारा जोरदार), तर त्याच्या हातात फासे असतानाच मी एक शब्द बोलतो: "धूर?" बस. पान क्रमांक नाही, "अहो, तुम्ही विसरलात" नाही. तो मान डोलावतो, बेरीज करतो, फासे टाकतो. माझं पथक उघड्या मैदानातून धावतंय आणि त्याच्याच फायद्याचा -१ समोरचा विसरला, तरी मी तसाच विचारतो: "उघड्यावर?" दोन्हीकडे सूर तोच हवा. आपलं नुकसान होतं तिथे आवाज चढतो आणि आपला फायदा असतो तिथे घसा बसतो, अशी माणसं मेजावर लगेच ओळखू येतात.

या नियमाला एक पळवाट आहे, आणि ती वापरणारे भेटलेत. चूक दिसते, गडी गप्प बसतो, फासे पडू देतो आणि मग म्हणतो, "आता कायम हं!" नियमाच्या शब्दांत बसतं ते. अशाबरोबर मी पुन्हा मांडी घालत नाही.

पंचाची खुर्ची

स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभी राहते, म्हणून थोडं वेगळं. मला हाक मारली जाते तेव्हा भांडण बहुतेक वेळा नियमाचं नसतंच. "हे युनिट (सैनिकांची तुकडी) हललं होतं की नाही", "फासा डोंगराला टेकून तिरका पडला तो धरायचा की नाही", अशा गोष्टी असतात. नियम पुस्तकात सापडतो. काय घडलं ते पुस्तकात नसतं. म्हणून हललेल्या युनिटजवळ खूण ठेवा आणि तिरक्या फाशाचं खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा.

मी पोचले की दोघांना एकेकदा बोलू देते, मग संबंधित परिच्छेद मोठ्याने वाचते. मोठ्याने वाचल्यावर निम्म्या वेळा दोघंही चुकलेले निघतात आणि वातावरण आपोआप निवळतं.

पंच नसेल तर? वॉरहॅमरच्या काही आवृत्त्यांच्या नियमांतच एक तोडगा दिलेला आहे: एकमत होईना तर दोघांनी एकेक फासा टाकावा आणि ज्याचा मोठा त्याचं ऐकून पुढे जावं. लोकांना हे बालिश वाटतं. पाऊण तास पानं उलटत बसण्यापेक्षा बरंच शहाणपणाचं आहे.

मागे उभा असणारा

बघ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. परवाच्या वॉरहॅमरच्या खेळात एका युनिटने ॲडव्हान्स केलं होतं, म्हणजे जास्तीचा फासा टाकून लांब पळालं होतं. अशा युनिटला त्या पाळीत सहसा चार्ज, म्हणजे शत्रूवर थेट धावून हल्ला, करता येत नाही. दोन्ही खेळाडू विसरले. मागून एक जण ओरडला, "अरे, तो चार्ज कसा करेल!" फासे पडून गेले होते, आठ आले होते, चार्ज लागला होता. ज्याचा चार्ज, तो बघ्यावर चिडला. ज्याच्यावर चार्ज, तो ओशाळला, कारण आता मागे घ्या म्हणावं तर दुसऱ्याच्या जिवावर वाचल्यासारखं.

बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, फिडेच्या, नियमांत हे स्वच्छ आहे: अनियमितता दिसली तर फक्त पंचाला सांगा, खेळाडूंशी बोलू नका. आपल्याकडे पंच नसेल तर, माझं मत, तोंड बंद. स्पर्धा असेल तर पंच गाठा.

मुलीची आई

बंद तोंडाचं ठीक आहे, पण शिकणाऱ्याचं काय? माझी मुलगी बारा वर्षांची. तिला एका सद्गृहस्थांनी खेळायला घेतलं. माणूस चांगला, नियमांचा पक्का. अंतर बेसच्या (पुतळ्याखालच्या चकतीच्या) कडेपासून मोज. हे दोघे दोन इंचांपेक्षा लांब गेले, युनिट तुटलं. आधी लक्ष्य सांग, मग फासे घे. एकही गोष्ट चुकीची नव्हती आणि स्वरही गोड. अर्ध्या तासात मुलगी प्रत्येक सैनिक उचलताना पटाकडे बघायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली.

पुढच्या वेळी एका कॉलेजवयीन ताईशी खेळली. तिने सुरुवातीलाच सांगितलं, "काय करणार आहेस ते आधी बोल, मग हलव." झालं! "मी यांना भिंतीआड नेतेय, तुझ्या तोफेला दिसू नयेत म्हणून." ताई वाकून बघायची: "याचं डोकं दिसतंय, अर्धा इंच आत घे." चूक व्हायच्या आधीच दुरुस्त, त्यामुळे तिला चूक म्हणायचीही वेळ आली नाही. निकालावर काही परिणाम नसलेल्या दोनतीन गोष्टी ताईने सोडून दिलेल्याही मी पाहिल्या. पुढच्या खेळात त्या हळूच सांगितल्या.

स्पर्धेतला

इथे सगळे संत दिसतायत. मी स्पष्ट लिहितो. बेकायदा गोष्ट मी नेहमी थांबवतो, कोणाच्याही फायद्याची असो. पण प्रतिस्पर्ध्याची स्वतःची ऐच्छिक ताकद तो वापरायला विसरला, तर आठवण करून देणं माझं काम नाही. पाळी संपल्यावर "अरे, माझा तो बोनस राहिला" म्हणाला तर नाही म्हणतो. मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांतही जवळपास हीच रेघ आहे: समोरच्याचा सुटलेला ट्रिगर (ठरावीक घटना घडली की लागू होणारा परिणाम) दाखवून देणं बंधनकारक नाही. काय वापरायचं ते लक्षात ठेवणं हेही कौशल्य आहे. रविवारच्या मैत्रीच्या डावात मी असा नसतो.

(आग्रहकर्तीचा मध्येच एक शब्द: मान्य, फक्त "आज स्पर्धेसारखं की मैत्रीचं" हे सैन्य मांडताना बोलून घ्या. तिसऱ्या पाळीत कळलं की ते कपटच वाटतं.)

इतिहासवेडा

प्रशियात १८२४ मध्ये राइस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने क्रीग्सस्पील हा लढाईच्या सरावाचा खेळ सैन्यात मांडला, तेव्हा हा प्रश्न खेळाडूंपुढे नव्हता. खेळाडू लेखी हुकूम द्यायचे, पंच नकाशावर ठोकळे हलवायचा, फासे आणि तक्ते तोच बघायचा. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने तर तक्ते बाजूला ठेवून पंचाने अनुभवावर निकाल द्यावा असं मांडलं.

आम्ही तसा खेळ करून बघितला. वाटलं, नियमच नाहीत तर चूक कोण कोणाला दाखवणार? पण मग पंचाचीच अक्कल काढायला सुरुवात झाली. चिखलातल्या चढावर घोडदळ दौडत जाईल की चालत, यावर दोन सभ्य माणसं पंचाला घोड्यांविषयी व्याख्यान देत होती. पंचाने कधी घोडा जवळून पाहिला नव्हता, व्याख्यान देणाऱ्यांनीही नाही.

मोठे नकाशे

वेळेवर बोला, हे सगळ्यांनी लिहिलं. उशिरा कळलं तर?

पूर्व आघाडीचा मोठा खेळ चालला होता. समोरच्याची एक डिव्हिजन माझ्या सैन्याने वेढलेली, रसद तुटलेली, म्हणून हल्ल्याची ताकद निम्मी धरायला हवी होती. दोन पाळ्या ती पूर्ण ताकदीने लढली. रसदीची वाट बोटाने मोजत बसलो तेव्हा मला दिसलं. फायदा त्याचा. मागे जाणं अशक्य, मधल्या काळात अर्धी आघाडी सरकलेली.

मी फक्त वाट दाखवली आणि थांबलो. भरपाई मी मागितली असती तर घासाघीस झाली असती. त्याने स्वतःच सुचवलं: ही डिव्हिजन पुढची पाळी हल्ला करणार नाही, आणि काल घेतलेलं रेल्वे जंक्शन सोडून एक घर मागे जाईल. मी हो म्हटलं. त्याने बाजूच्या दुसऱ्या डिव्हिजनने ते जंक्शन परत घेतलं आणि खेळ जिंकला. भरपाई कमी पडली असं मला अजून वाटतं. पण हो म्हटलं होतं, त्यामुळे त्याला कधी बोललो नाही. इथे विचारलंत म्हणून लिहिलं.