हँड सर्जन हवाय, इचलकरंजीत. पगार सोडून आणखी काय लागतं?

वस्त्रनगरी_हॉस्पिटल

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचं 40 खाटांचं हाडांचं हॉस्पिटल आहे. मी डॉक्टर नाही, प्रशासन बघते. आमचे मोठे सर आणि दोन ज्युनिअर सर, तिघेही एम. एस. ऑर्थो. फ्रॅक्चर, खुबा, गुडघ्याचा सांधाबदल, सगळं इथंच होतं. अडतं ते हातापाशी.

गाव यंत्रमागाचं. त्याला लागून सायझिंग (सुताला खळ देणारे कारखाने) आणि प्रोसेस हाउस, तिकडे शिरोली-गोकुळ शिरगावला फाउंड्री आणि प्रेस शॉप, आणि भोवती सगळा ऊस आणि म्हशी, म्हणजे गोठ्यात कडबाकुट्टी आलीच. रोलरमध्ये सापडलेला हात, पॉवर प्रेसखाली चेंगरलेली बोटं, वैरण सारताना कडबाकुट्टीत आत ओढलं गेलेलं मनगट, असा पेशंट आला नाही असा आठवडा जात नाही. हाड आमचे सर बसवतात. पण टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलंय, नस (नर्व्ह) तुटलीय, बोटाची रक्तवाहिनी तुटलीय, वर कातडीच उरली नाही, अशा वेळी आम्ही जखम धुतो, पट्टी बांधतो आणि पुण्याला पाठवतो. ॲम्ब्युलन्सला चार-पाच तास लागतात. पैशाकडे बघून कितीतरी जण जातच नाहीत. "काढूनच टाका बोट" म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीचा एक जॉबर (माग दुरुस्त करणारा) आला, पंचविशीतला. सोबतच्या पोरानं दुधाची पिशवी धरलेली, पिशवीत बर्फ आणि बर्फात उजव्या हाताचा अंगठा. थेट बर्फाला चिकटून पांढराफटक पडलेला. पोरगा मलाच विचारत होता, "मॅडम, बसंल न्हवं?" मोठ्या सरांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. अंगठ्याची अवस्था ऐकून तिकडून नाही म्हणाले. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात अंगठा गेला की कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरतात. ज्याचं पोट पाना धरण्यावर आहे त्याचा हिशेब 30 टक्क्यांत कसा बसेल?

तेव्हापासून आम्ही हँड सर्जन शोधतोय. जाहिरात दिली, कॉन्फरन्समध्ये सांगून ठेवलं. दोघं येऊन बघून गेले. महिना 3 लाख मिनिमम गॅरंटी, त्यावर कामाप्रमाणे वाटा आणि राहायला फ्लॅट. आकड्याबद्दल दोघांची तक्रार नव्हती. तरी दोघांचाही नकार आला आणि खरं कारण कोणीच सांगितलं नाही.

ऑर्थोमधून हँडची फेलोशिप केलेला घ्यावा की प्लास्टिक सर्जन? आमचे सल्लागार म्हणतात, सोडून गेल्यावर तीन वर्षं 50 किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही असं करारात घाला. घालावं का? आणि येणाऱ्या माणसाला आमच्याकडे नक्की काय दिसत नाहीये? मनापासून विचारतेय, स्पष्ट सांगा.

भूलतज्ज्ञ_सांगली

ताई, आधी एक विचारतो. रात्री दोन वाजता तुमच्याकडे भूल कोण देतं?

बोट जोडायचं ऑपरेशन सहज सहा-आठ तास चालतं, एकापेक्षा जास्त बोटं असली तर त्याहून जास्त. सोनोग्राफीवर बघून काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर ब्लॉक (फक्त हात बधिर करणारी भूल) द्यायचा, कॅथेटर (औषधाची बारीक नळी) ठेवायचा, म्हणजे दुखणं थांबतं आणि हातातल्या रक्तवाहिन्याही सैलावतात. ओटी गार ठेवून चालत नाही, पेशंट कुडकुडला की बोटातल्या रक्तवाहिन्या आखडतात. तुमच्या भागात आम्ही बहुतेक जण चार हॉस्पिटलं फिरणारे. "येतो अर्ध्या तासात" म्हणणारा माणूस आठ तास एका जागी बसणार नाही, दुसरीकडे सिझर खोळंबलेलं असतं. सर्जन हे पहिल्या भेटीतच ताडतो.

ऑपरेशननंतर पुढचे काही दिवस दर तासाला बोटाचा रंग, ऊब आणि दाबल्यावर रक्त किती वेळात परत येतं ते बघावं लागतं. बोट निळसर पडायला लागलं की नर्सनं सकाळच्या राउंडची वाट न बघता तेव्हाच फोन करायचा. दोन-तीन सिस्टरना हे शिकवून ठेवा. सर्जन आल्यावर शिकवू म्हणाल तर पहिलीच केस हातची जाईल.

दहाशून्य

मी ऑर्थो करून हँड आणि मायक्रोसर्जरीकडे वळलो. फेलोशिप कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये, डॉ. राजा सबापती यांच्या विभागात. एका जिल्ह्याच्या गावी चांगल्या पगारावर गेलो आणि दुसऱ्या वर्षी बाहेर पडलो. नाव घेत नाही, कारण सांगतो, कारण तुमच्याकडे आलेल्या दोघांनी बहुधा तेच ओळखलं असेल.

त्या हॉस्पिटलात मी हँड सर्जन म्हणून पाटीवर होतो, पण हाताच्या केसेस माझ्याकडे नव्हत्या. मनगटाचं फ्रॅक्चर सीनिअर सर करायचे, तळहाताच्या हाडांना तार दुसरे सर घालायचे, मनगटात दबलेली नस सोडवायचं, म्हणजे कार्पल टनेलचं ऑपरेशनसुद्धा त्यांच्याच ओपीडीतून परस्पर लागायचं. माझ्या वाट्याला यायचं ते कोणालाच नको असलेलं, म्हणजे पिकलेली जखम, आधी कुठंतरी चुकीचं शिवून आखडलेलं टेंडन, किंवा रात्री तीनला चेंदामेंदा झालेला हात. हँड सर्जनचं घर रोज बोटं जोडून चालत नाही. टेंडन, नस, फ्लॅप (उघड्या जखमेवर दुसरीकडची रक्तपुरवठा असलेली कातडी आणून बसवणं), ट्रिगर फिंगर (वाकल्यावर अडकणारं बोट), कार्पल टनेल, मनगटाची फ्रॅक्चरं, वाकडी जुळलेली हाडं, या सगळ्यावर ओपीडी उभी राहते आणि हातही चालता राहतो. महिनोन्‌महिने मायक्रोस्कोपखाली न बसलेल्या माणसाला एका रात्री 1 मिलिमीटरची रक्तवाहिनी शिवायला सांगायचं, हे पेशंटवर अन्यायाचं आहे.

म्हणून तुमच्या मोठ्या सरांनी आधी आपल्या दोन सहकाऱ्यांना समोर बसवून ठरवावं की मनगटापासून पुढचं सगळं नव्या माणसाचं. रिसेप्शनला लेखी सूचना द्यावी. यात त्यांचं उत्पन्न कमी होणार, ते कसं भरून काढायचं हेही तेव्हाच बोलावं. हे ठरलेलं नसेल तर 5 लाख दिलेत तरी चांगला माणूस टिकणार नाही.

दुसरं, मायक्रोस्कोप. आमचा दोरा 9-0 आणि 10-0 चा, केसाहून बारीक. डोळ्यावर लावायचे लूप्स सर्जन स्वतःचे आणतो, मायक्रोस्कोप हॉस्पिटलनं द्यायचा. कान-नाक-घशाचा जुना मायक्रोस्कोप दाखवून "याच्यावर भागेल ना?" असं मला एका मुलाखतीत विचारलं होतं. समोरासमोर दोघांना बघता येईल असा हवा, कारण समोर असिस्टंट बसतो आणि त्यालाही तेच दिसायला हवं. सोबत चांगला बायपोलर (रक्तस्राव थांबवायचं यंत्र), हाताचं टेबल, 1.5 आणि 2 मिलिमीटरच्या प्लेटांचा सेट.

तिसरी गोष्ट लोक कायम विसरतात, हँड थेरपिस्ट. बोटाच्या मुळापासून मधल्या पेरापर्यंतचा जो पट्टा आहे, ज्याला आम्ही झोन टू म्हणतो, तिथं दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून जातात. तिथं शिवलेलं टेंडन हलवलं नाही तर चिकटून बसतं, वेडंवाकडं हलवलं तर तुटतं. तीन-चार दिवसांत थर्मोप्लास्टिक स्प्लिंट बनवून, रोज ठरलेल्या मापात बोट हलवून घेणारा माणूस लागतो. फिजिओथेरपिस्ट असो की ऑक्युपेशनल थेरपिस्ट, त्यानं हे काम शिकलेलं हवं. तो नसेल तर माझं ऑपरेशन कितीही सुंदर झालं तरी सहा आठवड्यांनी बोट काठीसारखं ताठ. थेरपिस्टची जाहिरात सर्जनच्या आधी द्या. सर्जन बघायला आल्यावर थेरपिस्टची खोली दाखवा, तो तिथंच निम्मा तुमचा होईल.

ऑर्थो की प्लास्टिक याचं म्हणाल तर दोन्हीकडून उत्तम माणसं आलीत. फेलोशिप कुठं केली, तिथं स्वतःच्या हातानं काय केलं आणि लॉगबुक काय सांगतं ते विचारा. तुमच्याकडे हाडाला तीन जण आहेत, तेव्हा कातडी आणि फ्लॅपमध्ये तयार असलेला माणूस तुम्हाला जास्त पूरक ठरेल, असं मला वाटतं.

आणि त्या जॉबरच्या अंगठ्याबद्दल. सर्जन मिळेपर्यंत थांबू नका, हे उद्याच सुरू करता येईल. तुटलेला भाग स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं हलकेच धुवायचा, सलाइननं ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळायचा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. बर्फ मांसाला लागता कामा नये. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे नीट गार ठेवलेलं बोट 24 तासांपर्यंतही जोडता येतं. मनगटाच्या वर तुटलं असेल तर मात्र स्नायू आले, तिथं सहा तासांच्या आत रक्त सुरू व्हायला हवं. प्रत्येक सायझिंगच्या आणि प्रेस शॉपच्या भिंतीवर हा कागद मराठी-हिंदीत लावा. तुमच्याकडे बिहार-ओडिशाचे कामगारही असतील. पुण्याला पाठवलेली बोटंसुद्धा यानं वाचतील.

करारवाला_कोल्हापूर

50 किलोमीटरचं कलम घालू नका. भारतीय करार कायदा 1872, कलम 27. नोकरी सोडल्यावर माणसाला धंदा करण्यापासून रोखणारी अट कोर्टात टिकत नाही. तुमच्याकडे असेपर्यंत दुसरीकडे काम न करण्याची अट चालते, तीन महिन्यांची नोटीस चालते. न टिकणारं कलम कागदावर ठेवून तुम्ही समोरच्याला एवढंच सांगता की आमचा तुमच्यावर विश्वास नाही.

बाकी थोडक्यात. बाहेरच्या राज्यातला असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी रुजू होण्याआधी. कन्सल्टंट म्हणून घेतलात तर फीवर 10 टक्के टीडीएस. इन्डेम्निटी विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा) त्याचा वेगळा, हॉस्पिटलचा वेगळा. सविता गर्ग खटल्यात 2004 साली सुप्रीम कोर्टानं डॉक्टरच्या निष्काळजीपणासाठी हॉस्पिटलला जबाबदार धरलंय, त्यामुळे "डॉक्टर आमचे नोकर नाहीत" हे म्हणणं तुम्हाला वाचवणार नाही. वाट्याचा हिशेब बिलावर काढायचा की वसुलीवर, हे लिहून ठेवा. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचे पैसे उशिरा येतात आणि सगळी भांडणं तिथंच होतात.

कऱ्हाडची_सून

डॉक्टर मंडळी लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. माझे मिस्टर स्पाइन सर्जन, आम्ही मुंबईहून इकडे आलो. मुलाखतीला चार वेळा त्यांना बोलावलं, मला एकदाही नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मला काम कुठं मिळेल, मुलीची शाळा कुठली, सासूबाईंचं डायलिसिस कुठं, हे सगळं मीच फोन करकरून शोधलं. शेवटी ज्या हॉस्पिटलनं हो म्हणायला लावलं, तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी मला दिवसभर गाव दाखवायला घेऊन फिरल्या, दोन लॅबमध्ये ओळख करून दिली.

ताई, तुमचा फ्लॅट हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर आहे का? असेल तर तो देऊ नका. वर राहणाऱ्या डॉक्टरला सुट्टी नसते. आणि एकटा हँड सर्जन वर्षाचे 365 दिवस ऑन कॉल कसा राहील? महिन्यातून दोन शनिवार-रविवार तो नाही, त्या दिवशी केस पुण्याला जाईल, हे आधीच कबूल करा.

वस्त्रनगरी_हॉस्पिटल

सगळ्यांचे आभार. तुमची उत्तरं प्रिंट काढून मोठ्या सरांपुढे ठेवली. फ्लॅट वरच्याच मजल्यावर होता, आता गावात भाड्यानं बघतोय. 50 किलोमीटरचं कलम सरांनी स्वतः खोडलं.

हाताच्या केसेसवरून बराच वेळ बोलणं झालं. एक ज्युनिअर सर लगेच तयार झाले. दुसऱ्यांचं मनगटाच्या फ्रॅक्चरचं काम मोठं आहे आणि त्यांच्या हाताला यशही आहे, त्यांना ते तोडून द्यायला जड जातंय. सरांनी त्यांना खांदा आणि आर्थ्रोस्कोपीच्या प्रशिक्षणाला पाठवायचं, खर्च हॉस्पिटलचा, असं सुचवलंय. त्यांनी विचार करायला वेळ मागितलाय. त्यांचं उत्तर येईपर्यंत सर्जनची नवी जाहिरात काढायची नाही, यावर मी ठाम आहे आणि सरही.

थेरपिस्टची जाहिरात मात्र आजच दिली. पिशवीच्या कागदाचा मजकूर तयार आहे, सायझिंग असोसिएशनच्या ऑफिसात उद्या बोलणार आहे.

दहाशून्य सर, दोन गोष्टी हव्यात. मायक्रोस्कोपच्या डेमोला कंपनीचा माणूस येईल तेव्हा आम्ही काय काय तपासायचं? आणि आमची फिजिओथेरपिस्ट मुलगी हुशार आहे, दोन वर्षं आमच्याकडे आहे. तिला शिकायला पाठवायचं तर किती महिने आणि कुठं?